आधी टोपली परत पाठवा, मग मेन्यू उघडा

टेक्सासातल्या सॅन अँटोनिओत राहून मेक्सिकन खाणं सोडायचं, म्हणजे सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडण्यासारखं आहे. मी दोन्ही गावं पोटभर जगलेय. पहिली चोवीस वर्षं सोलापुरात, पुढची अठरा इथे. तीन वर्षांपूर्वी माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.२ आलं (५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा) आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेरचं मेक्सिकन बंद करा." मी मान डोलावली आणि शुक्रवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर नेहमीच्या ठिकाणी जाऊन बसले. फरक एवढाच, की पर्समध्ये ग्लुकोमीटर होता.

त्या दिवशी शहाणपणा करून 'टाको सॅलड' मागवलं. सॅलडच तर आहे, म्हटलं. समोर आली ती मैद्याची तळलेली, परडीएवढी वाटी. तळाशी भात, त्यावर बीन्स, त्यावर चीज आणि सावर क्रीम, आणि सगळ्यात वर मूठभर हिरवी पानं, देवाला वाहिल्यासारखी. वाटीसकट संपवलं. दोन तासांनी बोट टोचलं तर साखर २१४.

पुढच्या शुक्रवारी त्याच टेबलावर मक्याच्या छोट्या टॉर्टियांचे तीन टाको (टॉर्टिया म्हणजे पातळ भाकरी, सारण घालून दुमडली की टाको), वाटीभर पातळ बीन्स आणि दोन प्रकारचा साल्सा घेतला. दोन तासांनी १३८. भूक तर आदल्या खेपेपेक्षा उशिरा लागली.

तेव्हापासून मी मेक्सिकन जेवणाकडे संशयाने बघणं सोडलं आणि हॉटेलाच्या मेन्यूकडे संशयाने बघायला लागले. आमच्या शेजारच्या सेन्योरा मूळच्या मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या, सत्तरीच्या. त्यांचं घरचं ताट पाहिलं तर आपल्याला परकं वाटूच नये: मक्याची टॉर्टिया म्हणजे भाकरी, पातळ बीन्स म्हणजे आमटी, साल्सा म्हणजे ठेचा. शिळ्या टॉर्टियाचे तुकडे साल्शात परतून त्या 'चिलाकिलेस' करतात, ती तर सरळ आपली फोडणीची भाकरी. दगडी 'मोल्काहेते'त त्या मिरच्या-टोमॅटो रगडायला बसल्या की मला आजीचा पाटा-वरवंटा आठवतो. या जेवणात साखर वाढवणारं फार थोडं आहे. वाढवतं ते हॉटेलवाल्यांनी वर ओतलेलं, तळलेलं आणि मैद्यात गुंडाळलेलं. तेवढं बाजूला सारायला शिकलात की झालं. (मी आहारतज्ज्ञ नाही, स्वतःच्या बोटाला टोचून शिकलेली बाई आहे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदल करा.)

टोपलीचं काय करायचं

बसल्या बसल्या टेबलावर फुकट टोपली येते, तळलेल्या चिप्सची, सोबत साल्सा. खरं नुकसान इथे होतं, कारण हे कुणी जेवण म्हणून मोजतच नाही. एकदा मी न शिवलेली टोपली डब्यात भरून घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ११० ग्रॅम. तळलेल्या मक्याच्या चिप्समध्ये २८ ग्रॅमला साधारण १४० कॅलरी असतात. म्हणजे मेन्यू उघडायच्या आधी साडेपाचशे. आणि टोपली रिकामी झाली की न विचारता दुसरी येते. आपल्याकडे थाळीत पुरी वाढणारा कसा "अजून एक, अजून एक" करत फिरतो, तसंच.

मी आधी 'पाच चिप्स खायच्या' असा नेम केला होता. तो नेम कुणालाही पाळता येत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा. आता वेटर टोपली टेकवायच्या आत सांगते, "टोपली नको, साल्सा राहू दे." चारचौघांत असले तर टोपली लांबच्या टोकाला सरकवते आणि काकडी, गाजर किंवा हिकामा मागते. हिकामा हा पांढरा, रसाळ कंद. मेक्सिकोत रस्त्यावरही तो कापून लिंबू-तिखट-मीठ लावून विकतात, अगदी आपल्या शाळेबाहेरच्या कैरीसारखा. बहुतेक ठिकाणी मागितला तर मिळतो. त्यावर साल्सा घ्या, हवा तेवढा घ्या. टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, यात घाबरण्यासारखं काय आहे? बीपी असलेल्यांनी मिठाकडे मात्र लक्ष ठेवायचं.

ग्वाकामोलेबद्दल, म्हणजे अवोकाडोच्या ठेच्याबद्दल, लोक उगाच भितात. एका अवोकाडोत ३००च्या आसपास कॅलरी असतात हे खरं, पण त्यातलं तेल बरंचसं चांगल्या जातीचं आणि तंतू १० ग्रॅमच्या आसपास. माझ्या मीटरवर ग्वाकामोलेने कधीच उडी मारली नाही. ते ज्या चिप्सवर बसून तोंडात जातं, त्या चिप्सनी मारली. चमच्याने खा, नाहीतर टाकोत घाला.

भाकरी मक्याचीच

एकच गोष्ट बदलायची असेल तर ही बदला: 'फ्लावर' ऐवजी 'कॉर्न'. टेक्सासात विचारतात, "फ्लावर ऑर कॉर्न?" फ्लावर म्हणजे मैदा. बरिटोला (सारण भरलेल्या गुंडाळीला) लागते ती बारा इंची मैद्याची टॉर्टिया एकटीच साधारण ३०० कॅलरींची, त्यात मीठ इतकं की सोडियम ६०० मिलिग्रॅमच्या घरात जातं. दिवसभराची मर्यादा २,००० धरतात, हे लक्षात घ्या. मक्याची सहा इंची टॉर्टिया ५०-६० कॅलरींची आणि तिच्यात मीठ जवळजवळ नसतंच. आपल्या भाकरीत तरी कुठे असतं?

आणि ही मक्याची टॉर्टिया म्हणजे नुसतं मक्याचं पीठ नव्हे. दोन वर्षांपूर्वी सेन्योरांबरोबर त्यांच्या माहेरी गेले होते. पहाटे त्यांच्या भावजयीने पातेलं दाखवलं. आदल्या रात्री मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून तसेच झाकून ठेवलेले. चुना, तोच, आपला पानाला लावायचा. सकाळी पाणी पिवळसर, बुळबुळीत झालेलं आणि दाण्याची साल बोटाने चोळली की निघत होती. सात पाण्यांनी धुऊन ते दाणे घेऊन आम्ही गिरणीवर गेलो. तिथे बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात बादली. अगदी आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवरची रांग, फक्त इथे दळण ओलं. या चुन्याच्या प्रकाराला 'निश्तामाल' म्हणतात आणि हजारो वर्षांपासून तिकडे तो चालत आलाय. चुन्यामुळे कॅल्शियम वाढतं, आणि मक्यात अडकून पडलेलं बी३ जीवनसत्त्व अंगी लागायला मोकळं होतं. युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मका पोचला, पण ही युक्ती पोचली नाही. मक्यावर जगणाऱ्या गरिबांना तिथे बी३च्या अभावाने पेलाग्रा झाला, कातडी सोलून निघाली.

याच कारणाने आपल्या वाण्याकडचं मक्याचं पीठ आणून टॉर्टिया लाटायला जाल तर ती तुटते. त्यासाठी 'मासा हारिना' नावाचं पीठ घ्यायचं, ते चुन्याच्या मक्याचं असतं.

रस्त्यावरच्या टाकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, एका टाकोला दोन टॉर्टिया लावून देतात, रस्सा गळू नये म्हणून. मी खालची काढून बाजूला ठेवते. तीन टाकोंत तीन टॉर्टिया वाचतात आणि टाकोच्या चवीत काही उणं पडत नाही. टोस्तादा मागितलीत तर ती कडक असते, पण बहुधा तळून कडक केलेली. आम्हा सोलापूरकरांना कडक भाकरीचा अभिमान, तर मी घरी टॉर्टिया ओव्हनमध्ये वाळवून कडक करते. सेन्योरांनी एकदा खाल्ली आणि विचारलं, "मिहा, तेल संपलं का?" मिहा म्हणजे बाळे.

आईची गोष्ट, म्हणजे बीन्सची

ज्या वर्षी माझा तो रिपोर्ट आला, त्याच वर्षी आई आली होती. माळकरी बाई. अंडंसुद्धा घरात चालत नाही. बाहेर कुठे न्यायचं हा प्रश्न होता, तर मी म्हटलं मेक्सिकन बरं, भात आहे, राजम्यासारखे बीन्स आहेत. वेटरला विचारलं, "व्हेजिटेरियन आहे ना?" तो म्हणाला, "हो हो." आईने दोन वाट्या बीन्स खाल्ले. "कसला मऊसूत शिजलाय गं, तुपातला वाटतो," म्हणाली. नंतर तीनदा तिथेच जाऊ म्हणाली, आणि गेलोही.

ती परत गेल्यावर कधीतरी सेन्योरांसमोर मी त्या बीन्सचं कौतुक केलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मान्तेका." मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. मुरवलेले, घोटलेले 'रिफ्राइड' बीन्स, स्पॅनिशमध्ये 'रेफ्रितोस', जुन्या पद्धतीने त्यातच परततात. भातही बऱ्याच ठिकाणी कोंबडीच्या रश्शात शिजवतात. आईला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा प्रश्न नीट विचारायचा. 'व्हेजिटेरियन का' असं विचारून उपयोग नाही, कारण मांसाचा तुकडा दिसत नाही ना, मग झालं व्हेजिटेरियन, असं समोरच्याला प्रामाणिकपणे वाटतं. "तिएने मान्तेका?" (यात चरबी आहे का?) आणि भाताला "काल्दो दे पोयो?" (कोंबडीचा रस्सा?) असं विचारा. 'सिन कारने', मांस नको, एवढंच म्हटलंत तर कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं, कारण 'कारने' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर लाल मांस येतं. पोयो (कोंबडी), पेस्कादो (मासा), हामोन (हॅम) अशी तिन्ही नावं घेऊन नको म्हणायचं. गव्हाच्या टॉर्टियात आणि तामालेसमध्येही (मक्याच्या पिठात सारण भरून उकडलेले) चरबी असू शकते.

शाकाहाराचा प्रश्न नसला तरी तब्येतीचा आहेच. म्हणून मेन्यूवर 'फ्रिहोलेस दे ला ओया' शोधायचे. ओया म्हणजे मडकं. मडक्यात कांदा घालून नुसते शिजवलेले, रश्शासकट. काळ्या बीन्सच्या एका कपात १५ ग्रॅम प्रथिनं आणि तितकेच तंतू असतात, आणि तंतूंमुळे साखर सावकाश चढते. 'चार्रो' बीन्स मात्र दिसायला तसेच पातळ असले तरी त्यांत बेकन असतं. मी ओयाचे दोन वाडगे मागवते आणि भात परत पाठवते. भात आणि टॉर्टिया दोन्ही खायचं म्हणजे भाकरीबरोबर भात कालवून खायचा. आपण लग्नात खातो तसा, पण दर शुक्रवारी लग्न नसतं.

मेन्यूवरचे शब्द

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे सात-आठ शब्द. 'दोरादो' म्हणजे सोनेरी, आणि स्वयंपाकात सोनेरी म्हणजे तळलेलं. 'ताकोस दोरादोस', 'फ्लाउतास', 'चिमिचांगा' सगळे कढईतले. 'कापेआदो' म्हणजे पिठात बुडवून तळलेलं. 'चिलेस रेयेनोस' बहुधा तसे असतात, चीज भरलेलं मिरचीचं भजं. 'एम्पानिसादो' म्हणजे ब्रेडचा चुरा लावून. याउलट 'आसादो' भाजलेलं, 'आ ला प्लांचा' तव्यावरचं, 'आल कार्बोन' कोळशावरचं, 'आल वापोर' वाफेवरचं. एवढं पाठ झालं की मेन्यू आपोआप अर्धा होतो.

मग उरतं ते वरून ओतलेलं. इथल्या टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासी वळणाच्या मेक्सिकन, ठिकाणचं कॉम्बिनेशन ताट ठाऊक असेल: दोन एंचिलाडा (सारण भरून गुंडाळलेल्या, साल्सा ओतलेल्या टॉर्टिया), भात, बीन्स, आणि सगळ्यावर वितळलेलं पिवळं चीज, इतकं की खाली काय आहे ते ओळखू येऊ नये. वेटर कापडाने धरून आणतो आणि म्हणतो, "ताट गरम आहे, हात लावू नका." पुएब्लात मला असं ताट कुठेच दिसलं नाही. तिकडे वरून भुरभुरतात ते पांढरं चुरचुरीत चीज, तेही शेंगदाण्याच्या कुटाएवढंच. म्हणून मी म्हणते, "सिन केसो, सिन क्रेमा." चीज नको, क्रीम नको. अगदीच जीव राहत नसेल तर बाजूला वाटीत द्या म्हणा. फाहिता याच कामाला बरे: कोंबडी, कांदा, ढोबळी मिरची तव्यावर चरचरत येते आणि काय किती घ्यायचं ते आपल्या हातात राहतं.

हिरव्या साल्शातली एंचिलाडा मला आवडते, पण टॉर्टिया आधी तेलातून काढतात, म्हणून दोनच. सूप मिळालं तर सोडू नका. 'सोपा दे लिमा' किंवा पोसोले, वर कच्चा कोबी, मुळा, ओरेगानो आणि लिंबू. आधी सूप नाहीतर भाजी, मग बीन्स आणि मांस, टॉर्टिया शेवटी, या क्रमाने खाल्लं की माझा आकडा वीसेकने कमी येतो. तुमचा वेगळा येईल, टोचून बघा.

नोपालेस दिसले तर घ्याच. फड्या निवडुंगाची पानं, काटे काढून भाजलेली. चव फरसबी आणि भेंडीच्या मधली, बुळबुळीत असतात पण भेंडी आवडणाऱ्याने तक्रार करू नये. आमच्याकडे शेताच्या बांधावर हे निवडुंग उभं असायचं आणि त्याला शेळीही तोंड लावायची नाही.

'एलोते' म्हणजे भाजलेलं किंवा उकडलेलं कणीस. त्यावर मेयोनीज आणि चीज फासतात. ते नको म्हणून फक्त लिंबू-तिखट मागा, पावसाळ्यातलं सिंहगडावरचं कणीस हातात येईल.

आणि पफी टाको. हा सॅन अँटोनिओचा मान आहे. कच्च्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया तेलात सोडून पुरीसारखी फुगवतात. त्याला पर्याय सुचवणाऱ्यांचं मी ऐकत नाही. तीन महिन्यांतून एकदा खाते, एकच खाते, आणि त्या दिवशी टोपलीकडे बघतही नाही.

ग्लासातलं

इथे थोडक्यात सांगते, कारण वाद नाही. ओर्चाता हे तांदूळ-दालचिनीचं सरबत, साखरेने भरलेलं. चिंचेचं 'तामारिंदो' तसंच. मार्गारिटा (टकिलाचं कॉकटेल) मोठ्या ग्लासात घेतलीत तर तिच्या साखरेत एक जेवण मावतं. 'हमाइका' मात्र लाल अंबाडीच्या बोंडांचं, आंबट, सुरेख. ते "सिन आसुकार", बिनसाखरेचं, मिळतं का विचारा, नाहीतर अर्धं पाणी घालून घ्या. एरवी मी सोड्यात लिंबू पिळते. मेक्सिकोनेही ही गोष्ट मनावर घेतली आहे. 2014पासून तिथे गोड पेयांवर लिटरमागे कर लागला आणि 2020पासून पाकिटांवर काळे अष्टकोन छापतात: 'साखर जास्त', 'मीठ जास्त', 'कॅलरी जास्त'. पुएब्लातल्या दुकानात मी एक बिस्किटाचा पुडा उचलला, त्यावर चार अष्टकोन होते. परत ठेवला. सेन्योरांनी तोच उचलून टोपलीत टाकला. म्हणाल्या, नातवाचा आहे.

घरी

रविवारी मी आठवड्याचे बीन्स करून ठेवते. दोन वाट्या काळे बीन्स रात्रभर भिजवायचे. सकाळी पाणी बदलून, अर्धा कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या आणि एपाझोतेची डहाळी घालून कुकरला लावायचे. एपाझोते ही उग्र वासाची पाल्याची भाजी, पोटातल्या वाताला बरी म्हणतात. ती मिळाली नाही तर मी चिमूटभर ओवा घालते. पाच-सहा शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा मिनिटं. बोटात दाबला की लोण्यासारखा चिरडला पाहिजे. मीठ त्यानंतर. घोटलेले हवे असतील तर चमचाभर तेलात कांदा लाल करायचा, दोन पळ्या बीन्स रश्शासकट घालायचे आणि रवीने नाही, पावभाजीच्या मॅशरने घोटायचे. दाटसर झाले की गॅस बंद, गार झाल्यावर अजून आळतात.

गेल्या नोव्हेंबरात आई परत आली तेव्हा हेच केले होते. तिने खाल्ले, दुसऱ्यांदा घेतले, आणि म्हणाली, "छान झालाय. पण त्या हॉटेलातल्यासारखी चव नाही आली गं. ते काहीतरी वेगळं घालतात."

"तेल जास्त घालतात," मी म्हटलं.